मुलुखमैदानाची सनद आणि सरकारी मौन

विजापुरास मुलुखमैदान तोफ पाहावयास जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांस हे ठाऊक असते की, ती तोफ मूळची आमच्या नगरची. १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीत महंमद बिन हसन रूमी याने ती ओतली. आणि राजा कोण, साल कोणते व करणारा कोण, हे तिच्याच अंगावर कोरून ठेवले. निजामशहास लोकमताची चाड होती असे कोणी म्हणणार नाही. तरी त्याचे शस्त्र आपले कूळ लपवीत नव्हते.

आता नगरजवळच्या वाहननगरची गोष्ट घ्या. तेथील वाहन संशोधन व विकास संस्थेने टाटांच्या साहाय्याने आठ चाकांची चिलखती गाडी सिद्ध केली. मोरोक्कोच्या सैन्याने ती पत्करली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तेथे बेरेशिद गावी तिचा कारखाना आपल्या संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते उघडला गेला. समारंभ झाला म्हणून आम्हांस कळले, इतकेच. पश्चिम सहाराच्या मुलुखावरून मोरोक्कोचा झगडा १९७५ पासून चालू आहे. ह्या गाड्या तेथे वापरू नयेत अशी काही अट घातली आहे काय, असे एखाद्या नगरकराने विचारले, तर त्यास उत्तर देण्यास कोणीही बांधलेला नाही.

आणि हा तोच जिल्हा, जेथून माहितीच्या अधिकाराची हाक उठली! १९६५ च्या युद्धकाळी लष्करात वाहनचालक असलेल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांनी त्यासाठी उपोषणे केली. आधी महाराष्ट्रास आणि २००५ साली साऱ्या देशास तसा कायदा मिळाला. त्याच कायद्याच्या कलम २४ ने संरक्षण संशोधन संघटना, आणि तिच्याबरोबर वाहननगरची संस्थाही, भ्रष्टाचार व मानवी हक्कभंग एवढे विषय वगळता, कक्षेबाहेर ठेवली. निर्यातीचे परवाने देणाऱ्या खात्यास कायदा लागू आहे खरा. पण तेथे कलम ८ ची ढाल हाताशी असतेच.

सरकार आकडे देत नाही असे मात्र नव्हे. २०१३-१४ साली ६८६ कोटी रुपयांची निर्यात झाली, ती २०२४-२५ साली २३,६२२ कोटींवर गेली, हे अभिमानाने सांगितले जाते. माल सुमारे ८० देशांस गेला हेही सांगितले जाते. कोणास काय दिले, हा देशवार हिशेब तेवढा संसदेपुढे येत नाही. ह्यास अहवाल कोण म्हणेल? ही जाहिरात होय.

संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली शस्त्रांची नोंदवही उघडली. तीत रणगाडे, लढाऊ विमाने, युद्धनौका असे सात वर्ग आहेत; दारूगोळा त्यांत नाही, आणि नोंद करणे ऐच्छिक. २०१३ च्या शस्त्रव्यापार कराराने वार्षिक अहवाल बंधनकारक केला. त्याच्या बाजूने १५४ राष्ट्रे होती, विरुद्ध ३. भारत तटस्थ राहिलेल्या २३ मध्ये होता. विकणाऱ्यास एकतर्फी पुरवठा तोडण्याची मुभा मिळेल, ही आपली हरकत. ती गिऱ्हाइकाची हरकत होती, आणि तीत तथ्यही होते. परंतु आता आपण दुकान थाटले आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या जुन्या तक्रारीआड किती दिवस बसावे?

गुप्ततेने देश सुरक्षित राहतो, असे आमचे काही विद्वान स्नेही म्हणतात. चिलखताची घडण गुप्त असावी, हे आम्हांसही मान्य. पण विकलेली गाडी घेणाऱ्यास ठाऊक असते, त्याच्या शेजाऱ्यास संचलनात दिसते. अंधारात राहतो तो केवळ येथला करदाता. स्वीडनचे सरकार १९८५ पासून दरवर्षी आपल्या संसदेपुढे असा अहवाल ठेवते, आणि त्यामुळे त्याचा धंदा बुडालेला नाही. (बोफोर्सचा बोभाटाही १९८७ साली प्रथम तेथील रेडिओनेच केला, दिल्लीने नव्हे.)

आमचे मागणे मोठे नाही. कोणत्या देशास, कोणत्या वर्गाचे शस्त्र, किती किमतीस, कोणत्या अटीवर दिले आणि कोणास नाकारले, एवढे वर्षातून एकदा संसदेच्या मेजावर यावे. नगरच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी प्रथम करावी. रूमीने ह्याच गावी तोफेवर जेवढे लिहिले, त्याहून ती फारशी अधिक नाही.