सोहळा हवा, हिशोबही हवा



‘शाळांचे वर्षअखेरचे सोहळे बंदच करा’ हे पत्र पटले नाही. व्हाइटफील्डच्या सरकारी शाळांत बांधकाम मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची मुले शिकतात. रोजंदारी बुडवून बैठकीला न येणारे आईबाप मुलांचा नाच बघायला मात्र येतात. शाळेचा हिशोब त्यांच्यापुढे मांडण्याची तीच संधी आहे! कर्नाटकात २००१ पासून शाळा विकास व देखरेख समित्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी शाळेच्या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. अनुदान किती आले, कशावर खर्चले, हे समितीने त्याच मंचावरून वाचून दाखवावे. नाच रद्द केल्याने हिशोब मिळणार नाही. इथल्या मराठी पालकांनीही समितीत यावे, ही विनंती.

— एक पालक, व्हाइटफील्ड, बेंगळुरू