कळफलक कोणाच्या हाती?

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. २०२५पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन. पण २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात संगणक असलेली घरे होती अवघी ४.४ टक्के! आता मोबाइल आला, असे सांगतात. 'असर' २०२४नुसार १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के ग्रामीण मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. मात्र अभ्यासापेक्षा समाजमाध्यमांसाठीच अधिक. आमची मुले अर्ज भरायला सेवा केंद्रात पैसे मोजतात आणि तिथल्या एका चुकीने शिष्यवृत्तीला मुकतात. काल पाटी नाकारली, आज कळफलक? जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत चालू संगणक, वीज आणि शिकवणारा शिक्षक द्या. बाबासाहेबांच्या 'शिका'चा आजचा अर्थ हाच. ही मेहेरबानी नव्हे, आमचा हक्क आहे.