रमण्याची सवड



दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. जन्म १९०७चा, गोव्यातला, शिक्षण हार्वर्डला, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन आणि १९४५पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी. संख्याशास्त्र शिकायचे तर हाताशी खराखुरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी नाणी तोलायला घेतली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. जितके अधिक फिरलेले तितके हलके. शिवाय एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनांतली तफावतही वाढत जाते. हे पडताळायला त्यांनी बाजारातली चालू नाणी हजारोंनी तराजूत घातली आणि तोच हिशेब तक्षशिलेच्या चांदीच्या आहत, म्हणजे ठसे उमटवलेल्या, नाण्यांना लावला. मग ही नाणी पाडली कोणी, हा प्रश्न आलाच. त्यासाठी जुने ग्रंथ धुंडाळणे आले, संस्कृत आले. भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५६ साली निघाला, त्याची एक वाट त्या तराजूपासून सुरू झालेली आहे.

आम्हाला त्याहून भावते ते त्यांचे पायी हिंडणे. पुण्याच्या टेकड्या, आसपासची खेडी. वाटेत अश्मयुगीन माणसाची गारेची बारीक हत्यारे सापडत. शेंदूर फासलेला म्हसोबा, वाकडचा म्हातोबा, ज्यांच्यावरून आपण रोज नुसते हात जोडून पुढे जातो, तिथे ते थांबत आणि हा देव इथेच का, याचा माग काढत. यातले काम कुठे संपले आणि आनंद कुठे सुरू झाला, हे वेगळे काढता येत नाही.

असे रमायला सवड लागते, पण आज सवडीलाही हिशेब लागला आहे. फिरायला गेलो की पावले मोजायची, व्याख्यान ऐकायचे ते दीडपट वेगाने. मुलांना छंदवर्गाला घालतो, तर तिथेही परीक्षा आणि प्रमाणपत्र. कामाचा उरक हवाच. हा दिवाळी अंकसुद्धा छापखान्याने दिलेल्या तारखेला बांधलेला असतो. पण समज उरकून येत नाही. त्याच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा बघावे लागते, आणि पुन्हा बघावेसे वाटायला तिची गोडी लागलेली असावी लागते. गोडी लागायला मोकळा वेळ हवा, आणि नेमका तोच आपण मुलांकडून काढून घेतो आहोत. हे आम्हाला फार गंभीर वाटते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाबरोबर वाचनाची सवड चालत आली आहे. त्याच भरवशावर यंदाही आम्ही लांब लेख लांबच ठेवले आहेत.

एक विनंती. ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला उत्तर नसूनही तुम्ही वर्षानुवर्षे ज्यात रमला आहात, मग त्या पाखरांच्या नोंदी असोत, गावातल्या जात्यावरच्या ओव्या असोत की जुने नकाशे, त्याबद्दल आम्हाला सविस्तर लिहा. निवडक पत्रे पुढच्या दिवाळी अंकात छापू.



– संपादक