टायमिंग बेल्टचा ताण आणि आपली घाई

कापड खरेदी करताना आपण काउंटिंग ग्लास कापडावर ठेवतो, एका इंचात ताण्याच्या तारा किती आणि बाण्याच्या किती हे मोजतो आणि मगच भाव बोलतो. समोरच्याने कितीही खात्री दिली तरी 'अंदाजे इतक्या असतील' हे उत्तर आपण चालवून घेत नाही. हाच व्यापारी गॅरेजमध्ये गेला की मात्र त्याला सगळे काही अंदाजाने चालते. त्याला फक्त गाडी लवकर हवी असते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या व्यापारी बंधूंना टायमिंग बेल्टचा ताण हा विषय आपला नव्हे असे वाटेल. 2011 सालापर्यंत मलाही तसेच वाटत होते.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायचा होता. दुपारी ठाण्याहून येऊन मी ती तशीच तापलेली गॅरेजमध्ये लावली आणि मगरिबपर्यंत तयार हवी असे बजावले. दुसऱ्या दिवशी मालेगावला एका पार्टीकडे जायचे होते. बेल्ट चढविणारा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असेल. तो म्हणाला, "सेठ, इंजिन ठंडा होने दीजिए, टेन्शन कल सुबह देखेंगे." मी उस्तादकडे पाहिले. उस्तादाने बेल्टला बोटाने दाबून पाहिले, ठीक आहे म्हणाला आणि झाकण बसविले.

सकाळी फज्रनंतर गाडी नेहमीपेक्षा उशिरा सुरू झाली, धूरही जास्त दिसला. तेथेच थांबायला हवे होते. थांबलो नाही. कसारा घाटात गिअर खाली टाकला, इंजिनचा वेग वाढला आणि आतून हातोडा मारल्यासारखा आवाज होऊन गाडी बंद पडली. हेड उघडले तेव्हा व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. बेल्टच्या कामाला जितके लागले होते त्याच्या कित्येक पट खर्च झाला.

झाले ते असे. इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि वर कॅम. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एकच फेरा व्हायला हवा, आणि हा हिशेब बेल्ट सांभाळतो. तीन हजार आर.पी.एम.वर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो व मिटतो. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये जागा अगदी थोडी असते, त्यामुळे व्हॉल्व्ह मिटायला उशीर झाला तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. लूमचा पट्टा ढिला झाला तर तो घसरतो, पिक कमी पडतात, तेवढ्यापुरते नुकसान. पूर्वी चामड्याच्या पट्ट्याला राळ लावून काम भागत असे. टायमिंग बेल्ट घसरत नाही, तो दाता सोडतो. एक दाता सुटला तर गाडी कशीबशी चालते, आणखी सुटले तर हेड उघडावे लागते. या बेल्टला राळ, तेल, पावडर काहीच लावायचे नसते.

बेल्टची बनावट आपल्या ओळखीचीच आहे. आत काचेच्या धाग्याच्या दोऱ्या, वर रबर, आणि दात्यांवर नायलॉनचे कापड. म्हणूनच नवा बेल्ट घडी घालून खिशात कोंबू नये, आतल्या दोऱ्या तुटतात आणि वरून काही दिसत नाही.

आता तापलेल्या इंजिनची गोष्ट. उष्णतेने इंजिनचा धातू वाढतो, ॲल्युमिनियमचे हेड बिडापेक्षा अधिक वाढते, क्रँक आणि कॅम यांच्यातील अंतर वाढते आणि बेल्ट आपोआप ताणला जातो. त्या वेळी बोटाला तो घट्ट लागतो. रात्रीतून इंजिन थंड झाले की तोच बेल्ट ढिला पडतो आणि सकाळच्या पहिल्या झटक्याला दाता सोडतो. त्या मुलाला हे ठाऊक होते. आम्हा दोघा मोठ्यांना ऐकायचे नव्हते.

योग्य रीत अवघड नाही. इंजिन थंड असावे. खुणा जुळवाव्यात, टेन्शनर मोकळा करून त्याच्या स्प्रिंगला बेल्ट ओढू द्यावा. मग पान्याने क्रँक हाताने, इंजिन फिरते त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवावा. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, सगळे व्हॉल्व्ह एकदा दाबून सुटतात आणि बेल्टमध्ये कोठे लपलेला ढिलेपणा असेल तो टेन्शनरच्या बाजूला जमा होतो. क्रँक उलटा फिरवायचा नाही. खुणा पुन्हा जुळल्या तरच टेन्शनरचा बोल्ट टॉर्क पान्याने कसायचा. काही गाड्यांत टेन्शनरवरच काटा असतो, तो नेमक्या खाचेसमोर यावा लागतो. चिमटीत धरून बेल्ट पाव फेरा पिळून पाहण्याची रीत सर्रास आहे, पण तिने अंदाज येतो, माप होत नाही. जास्त घट्ट केल्यास बेल्ट सुं आवाज करतो आणि पाण्याच्या पंपाची बेअरिंग खातो, म्हणजे 'घट्ट असलेला बरा' हेही खरे नाही.

आपल्या उस्ताद मंडळींच्या तजुर्ब्याविषयी मला आदर आहे. त्यांच्यापैकी अनेकांचा हात जुन्या ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीवर बसला, त्यांत साखळी होती. साखळी ढिली झाली की खडखडून सांगते. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि तिच्याबरोबर बेल्ट घरोघरी आला. तो तुटेपर्यंत बहुधा काहीच बोलत नाही. माझ्या ओळखीचा एक जॉबर बीमचे वजन हाताने बघून ताण्याचा ताण सांगतो, आणि तो चुकत नाही. पण तो तासाभराने पुन्हा लूमजवळ येतो, ढिले वाटले तर वजन सरकवितो. बेल्टवर झाकण बसले की पुढची 60,000 किलोमीटर त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आणखी एक अडचण आहे. ताणाचे माप कंपनीच्या पुस्तकात असते आणि पुस्तक इंग्रजीत. गॅरेजमधील मुले बहुतेक उर्दू शाळेतून सातवी-आठवी करून आलेली. मीही उर्दू माध्यमातच शिकलो, इंग्रजी बिल वाचायला मला कित्येक वर्षे लागली. ज्या गाड्या आपल्या वस्तीत नेहमी येतात त्यांची मापे उर्दूत आणि मराठीत लिहून भिंतीवर लावायला एका कागदाचा खर्च आहे. शहरातील व्यापारी संघटनांनी हे काम अंगावर घ्यावे. टॉर्क पाना घेण्यासाठी लहान गॅरेजला बिनव्याजी रक्कम देणेही त्यांना जड नाही.

पण मूळ दोष गॅरेजचा नव्हे, तो आपला आहे. ताण तपासायला जी एक रात्र लागते तिची मजुरी आपण देत नाही, वर घाई करतो. बेल्ट नवा घालतो आणि शे-दोनशे वाचवायला जुनाच टेन्शनर ठेवा म्हणतो. नापतोलात कमी देणाऱ्यांबद्दल सूरह मुतफ्फिफीनचा हवाला आपण दुकानदाराला देतो. दुसऱ्याच्या कामाची वेळ कापून घेणे हीदेखील कमी मापाचीच एक जात आहे असे मला वाटते. यावर उलमांनी बोलावे, मी कापडवाला आहे.

हेडचे काम झाले तेव्हा गॅरेजमालकाने मला काही सूट दिली होती. मी ती मुकाट्याने घेतली. ती रक्कम त्या मुलाच्या पगारातून कापली गेली आणि तो काम सोडून गेला, हे मला आठ महिन्यांनी कळले. त्याचा पत्ता मी विचारला, कोणाला ठाऊक नव्हता.

आता बेल्टचे काम असले की मी गाडी आदल्या रात्री इशानंतर सोडतो, टेन्शनर बेल्टबरोबरच बदलतो आणि बिलावर 'ताण तपासणी' अशी वेगळी ओळ लिहून घेतो. तिचे 200 रुपये लावले तर त्यात घासाघीस करीत नाही.