बॅटरी मालकाची, किल्ली कोणाची?

ज्यांच्या घरी मोटार येते ते तिचा रंग, गाद्या आणि वेग यांविषयी तासन्‌तास बोलतात. आतल्या शिशाच्या पेटीविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. ती पेटी बसली म्हणजे मात्र साठ लाखांची गाडी आणि चाके काढलेला छकडा यांत फारसा फरक उरत नाही. आलिशान मोटारीची बॅटरी हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा विषय आहे काय, असे कोणी विचारील. माझ्या मते आहे. कारण यात यंत्रशास्त्र थोडे आणि बाजार फार आहे.

१९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हा देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी सचिव होता. बागांबरोबर मोटारी व वीजघर यांची देखरेखही त्याच्याकडेच असे. मोटार राजाची असली तरी ती चालती ठेवणारा माणूस निराळा, हे तेव्हाही खरे होते. त्याच देवास जिल्ह्यात उदयनगरला माझे मामा असतात. सोयाबीनच्या व्यापारात चार पैसे मिळाले तेव्हा त्यांनी एक वापरलेली जर्मन मोटार घेतली, आणि गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ती हूं की चूं करीना. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या विकणारा मिस्त्री पाहून गेला. ‘‘बैटरी तो डाल दूँ साहब, पर कंप्यूटर को कौन मनाएगा?’’ असे तो म्हणाला. इंदूरच्या अधिकृत दुकानाने सांगितले, गाडी ओढून आणा.

मिस्त्रीचे म्हणणे अगदी बरोबर होते. साध्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट, मिळून साडेबारा व्होल्टच्या थोडे वर. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या इंजिनांना मात्र बहुधा ए.जी.एम. जातीची बॅटरी असते. तीत आम्ल मोकळे नसते, काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. म्हणून वारंवार रिकामे होणे आणि भरणे ती सोसते. अशा कित्येक गाड्यांतला संगणक बॅटरीच्या वयाप्रमाणे विद्युतभार कमीजास्त देतो. नवी बॅटरी बसविल्याची नोंद त्याच्याकडे झाली नाही, तर तो तिला जुनीच समजून वागवतो आणि तिचे आयुष्य घटते. ए.जी.एम.च्या जागी साधी बसविणे हा तर निव्वळ तोटा. पाच-दहा हजार वाचविण्यासाठी असे करणाऱ्यांना ‘मोरीला बोळा अन्‌ दरवाजा मोकळा’ ही म्हण कोणी ऐकविलेली दिसत नाही.

तेव्हा जात, माप आणि अँपिअर-तास कारखान्याने दिले तेच घ्यावेत. दुकानदार थंडीत इंजिन फिरविण्याच्या क्षमतेचा आकडा मोठ्या अभिमानाने दाखवितो. पण ती चाचणी उणे १८ अंशांवर होते, आणि मे महिन्यातला माळवा काही उणे १८ नव्हे. तो आकडा मूळ बॅटरीपेक्षा कमी नसला म्हणजे झाले. आपल्याकडे बॅटरीचा खरा वैरी उष्णता. त्यापेक्षा उत्पादनाची तारीख पाहावी; वर्षभर फळीवर पडलेली बॅटरी नवी नसते. बॅटरी डिकीत किंवा आसनाखाली असेल तर वायू बाहेर नेणारी नळी पुन्हा जोडली की नाही, हेही पाहावे.

आता मूळ मुद्दा. नोंद करण्याचे यंत्र नि माहिती फक्त अधिकृत दुकानाच्या कुलपात का असावी? हा प्रश्न मी काढलेला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांपासून दूर ठेवल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. त्यांत मर्सिडीज-बेंझ व बी.एम.डब्ल्यू. यांचीही नावे होती. पुढे प्रकरण न्यायालयांत गेले. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळही उघडले. कागद चांगले आहेत. उदयनगरच्या मिस्त्रीपर्यंत त्यांतले काय पोचले, ते वर सांगितलेच.

कंपन्या म्हणतात, अडाणी हाताने गाडी बिघडेल. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण मग शिकवा आणि त्याची वाजवी फी घ्या! गाडी मालकाची, पैसे मालकाचे आणि किल्ली तेवढी विकणाऱ्याची, हा व्यवहार आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात विक्री म्हणून बसत नाही.

हमीपत्रातही अशीच गोम असते. ‘२४ अधिक २४ महिने’ म्हणजे चार वर्षे फुकट नव्हे. पहिल्या भागात बॅटरी बदलून मिळते. दुसऱ्या भागात नव्या बॅटरीवर उतरत्या प्रमाणात सूट, आणि तीही बहुधा छापील किमतीवर. समजा छापील किंमत २०,००० आणि सूट २० टक्के, तर १६,००० द्यायचे. तीच बॅटरी शेजारच्या दुकानात जुनी देऊन १५,५०० ला मिळत असेल, तर त्या हमीचा उपयोग कोणाला?

मामांनी शेवटी गाडी ओढून नेली नाही. इंदूरहून त्याच जातीची बॅटरी आणविली. बरोबर एक स्वतंत्र कारागीर आला, त्याच्याजवळ स्वतःच्या पैशाने घेतलेले तपासणी-यंत्र होते. आधी ऋण टोक सोडले, मग धन, जोडताना उलट. नोंदीला दहा मिनिटे लागली. ट्रॅक्टरवाला मिस्त्री सबंध वेळ शेजारी उभा होता आणि ते यंत्र केवढ्याला मिळते, हे त्याने दोनदा विचारले.