चतुरांची डबकी बुजवताना

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की गावोगाव एकच मोहीम निघते: दिसेल ते डबके बुजवा, नाहीतर त्यात जळके तेल ओता. यातून गावाबाहेरचे तळेही सुटत नाही आणि त्याबरोबर तिथले चतुरही जातात.

ईश्निडी कुळातले मोठे चतुर फारसे बसतच नाहीत. घिरट्या घालत हवेतच भक्ष्य पकडतात. जागा मात्र प्रत्येकाची वेगळी. ॲनॅक्स गुटॅटस पाणवनस्पती असलेल्या तळ्यांवर दिसतो, ॲनॅक्स इमॅक्युलिफ्रॉन्स सह्याद्रीतल्या ओढ्यांवर. गायनाकँथा दिवसभर झाडोऱ्याच्या सावलीत लटकून राहतो आणि तिन्हीसांजेला, डास घोंघावू लागतात तेव्हा बाहेर पडतो. कधी दिव्याला भुलून घरातही शिरतो (तो डसत नाही, झाडू उगारू नये). या साऱ्यांची पिल्ले पाण्यात वाढतात आणि घडी घातलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडतात.

डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. चतुराच्या पिल्लाला अनेकदा महिने लागतात. त्यामुळे तेल ओतलेल्या तळ्यात आधी परततो तो डासच.

मात्र चतुर डेंग्यू थांबवतील असे मानणे भाबडेपणाचे. एडिसची मादी अंडी घालते ती घरच्या पिंपात, कुलरमध्ये, अंगणातल्या टायरमध्ये. तिथे हे चतुर फिरकत नाहीत. आठवड्यातून एकदा पिंपे रिकामी करून घासणे हे माणसाचेच काम, आणि नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडीच टिकतात.