भिंतीवरची पाटी आणि फुटलेली कांच

मंगल कार्यालय असो, उपाहारगृह असो कीं एखादी मोठी पेढी असो, आवारांत शिरतांना एक पाटी हटकून दिसते : 'वाहनें मालकानें आपल्या जबाबदारीवर उभीं करावीं.' मुंजीचें जेवण आटोपून मंडळी बाहेर यावी, तों मोटारीची मागची कांच फुटलेली आणि पत्र्यावर कोणीं खिळ्यानें लांबच लांब ओरखडा काढलेला, असा प्रसंग आला म्हणजे व्यवस्थापक त्याच पाटीकडे बोट दाखवितो. आणि आपण सुशिक्षित मंडळी, छापील अक्षरापुढें मान तुकविण्याची संवय जडलेली, मुकाट्यानें घरीं येतों. पाटी म्हणजे कायदा नव्हे, एवढें आम्हांस आज सांगावयाचें आहे.

भरपाईचा पहिला भार ज्यानें कांच फोडली त्याच्यावर, हें उघड आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२४ व्या कलमान्वयें तो शिक्षेसहि पात्र आहे. परंतु असले वीर नांवगांव मागें ठेवून जात नाहींत. तेव्हां खरा प्रश्न उरतो तो आवाराच्या मालकाचा.

येथें निवाडा बराचसा किल्ली कोणाच्या हातीं होती यावर अवलंबून असतो. आपणच गाडी उभी केली, कुलूप लावलें, किल्ली खिशांत घातली, तर मालकानें केवळ जागा वापरूं दिली असें साधारणतः धरलें जातें. मग त्याचा हलगर्जीपणा दाखविण्याचें ओझें आपणांवर येतें. पहारेकरी नेमलेला असून जागेवर नव्हता, पूर्वीं तेथेंच असे प्रकार घडूनहि बंदोबस्त केला नाहीं, असें कांहीं दाखवितां आलें पाहिजे. जागेचें भाडें दिलें असेल तर ग्राहक म्हणून आपली बाजू थोडी बळावते, इतकेंच.

किल्ली हॉटेलच्या नोकराच्या स्वाधीन केली कीं चित्र पालटतें. दुसऱ्याची वस्तु ताब्यांत घेणारानें, सुज्ञ मनुष्य स्वतःची वस्तु जपेल तितक्या काळजीनें ती जपली पाहिजे, असें १८७२ च्या करार कायद्याचें १५१ वें कलम सांगतें. याची कसोटी दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या खटल्यांत लागली. १९९८ च्या ऑगस्टांत एका गृहस्थांनीं आपली मारुती झेन तेथल्या नोकराच्या हवालीं केली. मध्यरात्रीनंतर बाहेर येऊन पाहतात तों दुसराच इसम किल्ली उचलून गाडी घेऊन गेलेला! विमा कंपनीनें त्यांस २,८०,००० रुपये दिले व मग दोघांनीं मिळून हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगाकडे धांव घेतली. बिल्ल्यावर मालकाच्या जबाबदारीचें कलम छापलेलें होतेंच. १४ नोव्हेंबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, योग्य काळजी घेतली होती हें हॉटेलनेंच सिद्ध केलें पाहिजे. स्वतःचा निष्काळजीपणा त्या छापील ओळीआड लपवितां येणार नाहीं. खटला चोरीचा होता खरा. परंतु १५२ व्या कलमांत वस्तूच्या नाशाबरोबर तिच्या खराबीचाहि उल्लेख असल्यानें फुटक्या कांचेसहि तेंच तत्त्व लागू पडावें, असें आम्हांस वाटतें. निकालास २१ वर्षें लागलीं, हेंहि वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

म्हणून घरच्या तिजोरीच्या दृष्टीनें विमाच जवळचा. पण हप्ता वांचविण्यासाठीं केवळ त्रयस्थाच्या नुकसानीचा सक्तीचा विमा उतरविणारीं कुटुंबें थोडीं नाहींत; त्यांस स्वतःच्या कांचेसाठीं दमडीहि मिळत नाहीं. सर्वसमावेशक विम्यांत कोणीं द्वेषानें केलेली नासधूस येते. मात्र मागणी केली कीं, मागणीविना गेलेल्या वर्षांबद्दल हप्त्यांत मिळणारी सवलत बहुधा हातची जाते, आणि ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत चढलेली असूं शकते. तेव्हां लहानशा ओरखड्यासाठीं अर्ज करण्यापूर्वीं घरांतील हिशेबी माणसास विचारावें.

प्रसंग आलाच तर गाडी हलविण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं, पोलिसांत नोंद करावी, विमा कंपनीस त्याच दिवशीं कळवावें. आवारांतील कॅमेऱ्याचें चित्रण जपून ठेवावें, असें व्यवस्थापकास लेखी द्यावें. तोंडीं सांगितलेलें दुसऱ्या दिवशीं कोणास आठवत नाहीं. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी लागते.